अक्षरागणिक एक टिक

व्हिडिओ गेममधली पात्रं बोलतात तेव्हा पडद्याच्या तळाशी एक चौकट येते. वाक्य तिच्यात एकदम उमटत नाही. अक्षर-अक्षर करत सरकत येतं आणि त्याबरोबर बारीकसा आवाज होत राहतो. टिक-टिक-टिक, नाहीतर बिप-बिप-बिप. पात्र बदललं की आवाज बदलतो. गेम खेळून उठलेल्या माणसाला संगीत आठवतं, मारामारी आठवते. हा आवाज मुद्दाम विचारल्याशिवाय आठवत नाही. मी असे आवाज करून देतो. आमच्या धंद्यात त्याला ब्लिप म्हणतात. एका ब्लिपची लांबी साधारण ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदात असे २५ बसतात.

‘मग यात काम ते काय असतं?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात तसा पैसे देणारेही विचारतात. एका ग्राहकाने तर आवाजाच्या लांबीवर, सेकंदाला इतके रुपये, असा दर लावायची सूचना केली होती. मी त्याला हिशोब मांडून दाखवला. कथाप्रधान गेममध्ये १५,००० शब्दांचे संवाद सहज असतात. शब्दाला सरासरी तीन अक्षरं धरली तरी खेळणारा ४५,००० वेळा ही टिक ऐकणार. दार उघडल्याचा आवाज तो फार तर शंभरदा ऐकेल. सर्वांत जास्त वेळा वाजणारा आवाज जर कानाला टोचणारा निघाला, तर माणूस गेम बंद करतो आणि का बंद केला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. ग्राहकाला हिशोब पटला, दर मात्र त्याने बदलला नाही. मी दुसरं काम धरलं.

या आवाजाचा जन्म नाइलाजातून झाला. जपानमध्ये १९८३ साली निन्तेन्दोचा फॅमिकॉम बाजारात आला. त्याच्या आवाजाच्या यंत्रणेत पाचच वाहिन्या होत्या: दोन चौकोनी तरंगांच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक खरखरीची आणि एक छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारी. संगीत आणि बाकीचे सगळे आवाज त्यातच भागवायचे. एखादा आवाज वाजवायचा तर संगीताची एक वाहिनी तेवढ्यापुरती गप्प करावी लागे. पात्रांना माणसाचा आवाज द्यायचा तर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आपण नव्वदीत जिला सरसकट ‘गेमची कॅसेट’ म्हणायचो तिच्यात, तेवढी जागाच नव्हती. मग १९८६ साली युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये गावकरी बोलायला लागले ते बिप-बिप करत.

त्या गेममधला मजकूर मुख्यतः हिरागाना लिपीत होता. कांजी, म्हणजे मूळची चिनी चिन्हं, ठेवायला जागा नव्हती. हिरागानात एक चिन्ह म्हणजे बोलण्यातला जवळजवळ एक ठोका. ‘साकुरा’ लिहायला तीन चिन्हं आणि म्हणायला तीन ठोके. त्यामुळे चिन्हागणिक आवाज वाजवला की तो आपोआप बोलण्याच्या लयीत पडतो. १९८९ साली तोच गेम ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने अमेरिकेत गेला आणि मजकूर रोमन लिपीत आला. रोमनमध्ये ‘साकुरा’ची अक्षरं होतात सहा. ‘स्ट्रेंग्थ’ हा इंग्रजी शब्द एका दमात म्हणून होतो, पण त्याला अक्षरं लागतात आठ. रोमन लिपीत अक्षरागणिक आवाज वाजवला की बोलण्याचा ठोका हातून निसटतो आणि उरतं ते टंकलेखन.

त्यातून एक नवीच अडचण येते. बरेच गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. दोन चित्रांमागे एक अक्षर असा वेग ठेवला तर सेकंदाला ३० अक्षरं सरकतात. वाचायला हा वेग बरा, पण सेकंदाला ३० टिका वाजल्या की कान त्या सुट्या ऐकत नाही. त्यांची एक घरघर होते. म्हणून इंग्रजी गेममध्ये दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या अक्षराला आवाज देतात. तडजोड चालते, पण तिच्यात भाषेचा काही संबंध उरत नाही. दर तिसरं अक्षर म्हणजे दर तिसरं अक्षर, मग ते कुठलंही असो.

तरीही या चिमूटभर सामग्रीत लोकांनी कमाल केली आहे. २००१ साली गेमबॉय ॲडव्हान्सवर आलेल्या, कॅपकॉमच्या शू ताकुमी यांनी घडवलेल्या ‘एस अटर्नी’च्या वकिली कथांमध्ये पुरुषांना खालचा बिप, बायकांना वरचा, आणि स्थळ-काळ सांगणाऱ्या ओळींना टाइपरायटरचा खटखटाट एवढाच शिधा होता. तेवढ्यावर अख्खं कोर्ट उभं राहिलं. त्याच साली आलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये प्राणी जे बोलतात ते खरोखर अक्षरांचे उच्चारच असतात, फक्त इतक्या वेगात आणि वरच्या पट्टीत की भाषा कळत नाही, बडबड कळते. टोबी फॉक्सने २०१५ च्या ‘अंडरटेल’मध्ये महत्त्वाच्या पात्रांना स्वतःचा ब्लिप दिला. त्यातला सॅन्स एका ठिकाणी धमकी देतो तेव्हा संगीत थांबतं आणि त्याचा नेहमीचा आवाजही जातो. नुसती अक्षरं येत राहतात. हा धंदा शिकणाऱ्याने तो प्रसंग एकदा जरूर पाहावा.

मला इथे सांगायचं आहे ते काम म्हणजे पुण्यातल्या एका छोट्या गटाचा फोनवरचा गेम. कथा एका रात्रीची, एसटी स्टँडवरची. शेवटची गाडी आलेली नाही आणि चार माणसं बाकांवर अडकून पडली आहेत: एक कंडक्टर, एक आजी, चहावाला आणि वॉचमन. पैसे नव्हते, म्हणून नट नव्हते, म्हणून ब्लिप. भाषा मराठी. मी एकच अट घातली की बिप-बिप करायचं नाही. चौकोनी तरंगाचा आवाज ऐकला की डोळ्यांसमोर जपानी गेम येतो, एसटी स्टँड येत नाही. दुसरं असं की बायकांना वरची पट्टी आणि पुरुषांना खालची ही जुनी वाटणी मला नको होती. आजीचा आवाज कंडक्टरपेक्षा जड असायला काय हरकत आहे?

कंडक्टरसाठी पंच हवा होता. तिकीटयंत्रं येण्याआधी कंडक्टरांच्या हातात असायचा तो चिमटा. ओळखीतल्या एका निवृत्त कंडक्टरकाकांनी तो जपून ठेवला होता. मी माइक लावून बसलो आणि त्यांना म्हटलं, ‘काका, नुसता वाजवा.’ ते म्हणाले, ‘नुसता म्हणजे कसा? रिकामा की कागदावर?’ दोन्ही आवाज वेगळे होते. रिकामा पंच ‘टिक्’ वाजतो आणि त्याच्यामागे धातूची बारीक किणकिण राहते. कागद घातला की ‘खट्’, आणि किणकिण गायब. काकांनी खुलासा केला, ‘रिकामा पंच म्हणजे चला, पैसे काढा. कागदावरचा पंच म्हणजे तुमचं झालं, पुढचा.’ माझं अर्धं काम तिथेच झालं. गेममधला कंडक्टर बोलतो तेव्हा रिकामा पंच वाजतो आणि वाक्याच्या शेवटच्या अक्षराला कागदावरचा. वाक्य संपलं हे पूर्णविरामाकडे न बघता कळतं.

पंचाचा एक दोष होता. त्याच्या आवाजाचा सगळा जोर ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. दहा वाक्यं ऐकली की कपाळ दुखायला लागे. तो पट्टा फिल्टरने दाबला, खालची ‘खट्’ थोडी वर काढली आणि प्रत्येक आवाजाच्या शेवटी दोन-तीन मिलिसेकंदांचा उतार दिला. आवाज मध्येच तोडला आणि तरंग शून्यावर नसला की तिथे एक वेगळीच चटक ऐकू येते, ती या उताराने जाते.

आजीसाठी अडकित्ता. हा माझ्या आत्याचा, पितळी, मूठ झिजलेली. अडकित्त्याचे तीन आवाज असतात हे मला ध्वनिमुद्रण करताना कळलं: खिळ्याची कुरकुर, सुपारी फुटल्याची कडक आणि पाती एकमेकांना टेकल्याची ठक. कडक फार नाट्यमय, कुरकुर फार लांब. ठकच उपयोगाची होती, आणि ती हवी तर अडकित्ता रिकामाच मिटायला हवा. मी गोधड्या टांगलेल्या खोलीत पंखा बंद करून पुन्हा पुन्हा अडकित्ता मिटत बसलो तशी आत्या दारात आली. ‘रिकामा वाजवू नकोस रे. कात्री काय नि अडकित्ता काय, घरात भांडणं होतात.’ तिला सांगून उपयोग नव्हता. मी तिच्या हातात सुपारी दिली, माइक बंद केला, आणि ती आत गेल्यावर उरलेलं ध्वनिमुद्रण उरकलं. एकच नमुना सारखा वाजवला तर कानाला ते लगेच कळतं आणि बोलणं मशिनगनसारखं वाटतं. म्हणून एकाच आवाजाचे बरेच तुकडे लागतात आणि कोड त्यातला एकेक आलटून-पालटून उचलतो.

चहावाल्यासाठी कटिंगचा ग्लास आणि चमचा. ऐकायला गोड, वापरायला त्रासदायक. कारण ग्लासाला सूर असतो. पंच किंवा अडकित्ता बेसूर होऊ शकत नाही, ग्लास होतो. आमच्या संगीतकाराने पार्श्वसंगीत काळी एकमध्ये बांधलं होतं आणि चहावाला त्यात कुठल्याही पट्टीत टणटण करत होता. ब्लिप एकसुरी वाटू नये म्हणून प्रत्येक वेळी त्याची पट्टी किंचित वर-खाली करायची रीत आहे. सुराच्या आवाजाला ती चालत नाही. मग त्याला काळी एकचा सा, ग आणि प एवढेच सूर दिले. त्यावर तो बोलण्याऐवजी जलतरंग वाजवायला लागला. शेवटी ग काढून टाकला. सा आणि प, बस्स.

वॉचमनसाठी डग्गा घेतला, तो मात्र फोनवर मुळी ऐकूच येईना. फोनच्या स्पीकरला १२० हर्ट्झचा घुमारा काढता येत नाही. इथे कानाची एक खोड कामाला येते. मूळ सूर गाळून त्याच्या पटीतले वरचे सूर, २४०, ३६०, ४८०, तेवढे वाजवले तरी मेंदू हरवलेला १२० स्वतःच भरून काढतो. आवाजात जरासा खरखरीतपणा घातला की हे वरचे सूर तयार होतात. स्वस्तातल्या फोनवरही वॉचमन बोलायला लागला.

एवढं झाल्यावर आवाज गेममध्ये बसवले, आणि वॉचमन म्हणाला, ‘किल्ल्या माझ्याकडेच असतात.’

निदान त्याने तसं म्हणायला हवं होतं. पडद्यावर आधी ‘क’ आला. मग कुठूनतरी वेलांटी येऊन त्याच्या डाव्या बाजूला घुसली आणि ‘क’ उजवीकडे ढकलला गेला. मग ‘ल’ आला, त्याच्या पायात हलन्त आलं, दुसरा ‘ल’ येऊन चिकटला, पुन्हा हलन्त, मग ‘य’, मग काना. ‘किल्ल्या’ या दोन अक्षरी शब्दाला डग्गा आठ वेळा वाजला. कारण संगणकात हा शब्द आठ तुकड्यांत साठवलेला असतो आणि गेमचं इंजिन त्या तुकड्यांनाच अक्षरं समजत होतं. ‘सर्व’ लिहिताना आधी आख्खा ‘र’ दिसे आणि मग तो उडी मारून ‘व’च्या डोक्यावर बसे. ‘दुसऱ्या’मध्ये तर क्षणभर नुक्ता असलेला ‘ऱ’ दिसून जाई. बघायला मजा येत होती, पण आजी फेफरं आल्यासारखी बोलत होती.

आमचा प्रोग्रामर बंगाली. त्याला जोडाक्षर म्हणजे काय हे समजावावं लागलं नाही. त्याच्या लिपीतही तीच तऱ्हा. दोष कुणा एकाचा नव्हता. मजकुराचे ‘वाचकाला दिसणारे’ तुकडे कसे पाडायचे याचे युनिकोडचे नियम आहेत, पण हलन्तानंतर अक्षर तोडायचं नाही, जोडाक्षर एकसंध धरायचं, हा देवनागरी, बंगाली, गुजराती वगैरे लिप्यांसाठीचा नियम त्यात आला तो २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या नियमांवर लिहिलेलं सॉफ्टवेअर ‘क्ष’चे ‘क्’ आणि ‘ष’ असे दोन तुकडे करतं. प्रोग्रामरने नव्या नियमाप्रमाणे तुकडे पाडून घेतले आणि ‘किल्ल्या’ला दोन ठोके पडायला लागले. वेलांटीही जागच्या जागी, अक्षराबरोबरच उमटू लागली.

आणि मग मला ऐकू आलं की हे बोलणं आहे. ‘साकुरा’ देवनागरीतही तीन अक्षरीच आहे. जपानी लोकांना सुरुवातीला जे फुकट मिळालं होतं ते आपल्यालाही मिळतं, फक्त मोजणी नीट करायला हवी. सेकंदाला दहा-बारा अक्षरं सरकली तर वाचणाऱ्याचा खोळंबा होत नाही, आणि एवढ्या वेगात प्रत्येक टिक सुटी ऐकू येते. एकही गाळावी लागत नाही. इंग्रजीसाठी करावी लागणारी ती दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराची तडजोड आम्ही कोडमधून काढूनच टाकली.

पण सगळ्या टिका एकसारख्या अंतराने पडत होत्या. मराठी तशी बोलत नाहीत. त्यावर उपाय आमच्या संवादलेखिकेने सुचवला, आणि तो शाळेत सगळ्यांनी पाठ करून विसरलेला आहे: लघु आणि गुरू. र्‍हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. हे सगळं कोडला मजकुरावरून कळतं. लघूला चार चित्रांचा वेळ, म्हणजे साधारण ६७ मिलिसेकंद, आणि गुरूला सहा चित्रांचा, म्हणजे १००. छंदशास्त्रातलं एकास दोन हे प्रमाण ठेवून पाहिलं तर कंडक्टर तिकीट मागण्याऐवजी आर्या म्हणायला बसला. दोनास तीन बरोबर बसलं.

लेखिका तेवढ्यावर थांबली नाही. ‘तुम्ही’ हा शब्द ऐकून तिने मान हलवली. ‘अरे, ‘तुम्ही’मधला ‘तु’ लघु आहे. पुढे जोडाक्षर असलं तरी त्याचा आघात मागे येत नाही. म्हणून बघ.’ मी म्हणून बघितलं. बरोबर होतं. ‘दुसऱ्या’मधला ‘स’ही तसाच. ‘म्ह’, ‘न्ह’ आणि रफार नसलेला तो अर्धा र यांच्यासाठी अपवादांची एक छोटी यादी कोडमध्ये गेली. मग तिने ‘घर’ काढलं. लिहिताना दोन अक्षरं, बोलताना शेवटच्या ‘र’मधला अ कुणी उच्चारत नाही. म्हणून शब्दाच्या शेवटी सुटं अकारान्त अक्षर आलं की त्याची टिक निम्म्या आवाजात वाजते. ‘सत्य’सारखा शेवट जोडाक्षराने होत असला तर पूर्ण आवाजात. कोणीही खेळणारा हे ओळखणार नाही. पण नियम लावायच्या आधीचा आणि नंतरचा तुकडा शेजारी-शेजारी ऐकवला की न सांगता लोक दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

देवनागरीची आणखी एक मेहेरबानी आहे. अक्षरातला स्वर डोळ्यांना दिसतो, म्हणून कोडलाही दिसतो. इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्राला उच्चार कळणं कठीण; आपल्याकडे वेलांटी म्हणजे इ, उकार म्हणजे उ. इ म्हणताना तोंडातून जो आवाज निघतो त्यात २,००० हर्ट्झच्या वरचा भाग उजळ असतो, उ म्हणताना तो भाग विझतो. मी अडकित्त्याच्या ठकीचे तीन रंग केले: अ-आसाठी मूळचा, इ-ई-एसाठी उजळ, उ-ऊ-ओसाठी दबका. आजी ‘इथेच बसते’ म्हणते आणि ‘उद्या जाऊ’ म्हणते, यातला फरक नुसत्या अडकित्त्यात ऐकू येतो. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त समाधान यानेच दिलं.

विरामचिन्हांचं मात्र फार डोकं खाल्लं. स्वल्पविरामाला २०० मिलिसेकंद थांबायचं आणि पूर्णविरामाला ४००, हे ठरायला वेळ लागला नाही. पण गोष्ट एसटी स्टँडवरची. ‘रात्री १०.४० ची गाडी’, ‘रु. ४५’, ‘सौ.’, ‘डॉ.’ प्रत्येक टिंबावर पात्रं वाक्य संपल्यासारखी श्वास घेत होती. आकड्यांचं वेगळंच. ‘४५’ ही दोन चिन्हं, पण म्हणायला पंचेचाळीस. शेवटी लेखिकेने संवादातले बहुतेक आकडे अक्षरी लिहिले आणि टिंबानंतर मोकळी जागा असेल, शिवाय आधीचा शब्द संक्षेपांच्या यादीत नसेल, तरच थांबायचं असं ठरलं. टिंबटिंबांचा मराठी संवादलेखनाला जो सोस आहे त्याबद्दल मी इथे काही बोलत नाही. ती टिंबं आम्ही आवाज न करता, सावकाश येऊ दिली.

एका जागी आम्ही ब्लिप काढून टाकला. आजी कुणाची वाट बघते आहे हे ती स्वतः सांगते तेवढ्या चार ओळी. अडकित्ता वाजत नाही, संगीत आहे तसंच राहतं. चाचणीला बसवलेल्यांपैकी काहींनी ‘इथे आवाजात बिघाड आहे’ असं लिहून दिलं. ते वाचून मला बरंच वाटलं, कारण त्याआधी हा आवाज असतो याची दखल त्यांच्यापैकी कुणी घेतली नव्हती.

शेवटी एक अगदी कोरडी गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे सेटिंग्ज. हा आवाज काही लोकांना खरोखर सहन होत नाही. बारीक, सारखे पडणारे आवाज ज्यांना त्रासदायक होतात त्यांच्यासाठी हे पंचेचाळीस हजार ठोके म्हणजे शिक्षा आहे. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या कानात तर दोन आवाज एकदम बोलायला लागतात. अनेक गेममध्ये हा आवाज ‘इतर आवाज’ या एकाच सरकपट्टीत टाकलेला असतो; तो बंद करायला जावं तर दार, पाऊल, पाऊस सगळंच बंद होतं. मी इतक्या हौसेने केलेला आवाज लोकांनी बंद करावा हे मला आवडतं असं नाही, पण त्यांना तो बंद करता आला पाहिजे. आमच्या गेममध्ये त्याची वेगळी पट्टी आहे, सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर, आणि ती शून्यापर्यंत जाते. वाक्य एकदम दाखवण्याची सोयही तिथेच आहे. ती निवडली तर वाक्यामागे एकच टिक वाजते.

मराठीत गेम करणाऱ्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. अक्षरं सरकवणारा तयार कोड बाहेरून उचलाल तर तो आधी ‘किल्ल्या’, ‘दुसऱ्या’ आणि ‘सर्व’ या तीन शब्दांवर चालवून पाहा. तिथे ठोके दोन, तीन आणि दोन पडले तरच आवाज करणाऱ्याला बोलवा. नाहीतर आधी प्रोग्रामरला बोलवा.